वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी सुरू करताना

आपल्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांच्या दारात ताडपत्रीखाली एखादा जुना टेंपो उभा असतो. कुणी नोकरीसाठी आखाती देशात गेले, कुणाचे वडील वारले, कुणाचा धंदा मंदीत बसला आणि गाडी चार-पाच वर्षे जागची हलली नाही. पुढे धंद्याने उचल खाल्ली की तिची आठवण होते. मग बॅटरी मागवून लगेच सेल्फ मारला जातो, तेवढ्याने भागले नाही तर चार माणसे बोलावून धक्का मारला जातो. चांगले इंजिन निकामी होते ते बहुतेक वेळा याच घाईत. एक-दोन दिवसांच्या तयारीने जे काम थोडक्यात भागले असते, तेच पुढे अख्खे इंजिन खोलण्यापर्यंत जाते. म्हणून डिझेल टेंपोच्या बाबतीत कोणत्या क्रमाने काम करावे, ते येथे देत आहोत.

आधी कागद, मग पाना

गाडीवर पैसा घालण्यापूर्वी तिची कागदपत्रे काढा. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांची ही फी बरीच वाढली आहे. शिवाय जुन्या गाडीला पर्यावरण कर असतो. गाडी वापरात नसल्याचे आरटीओला आधी कळवले नसेल तर कराची थकबाकीही निघू शकते. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर वारसाने नमुना ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यावी लागते. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणे गुन्हा आहे, मग ती नुसती चाचणीसाठी का असेना.

हा सारा खर्च आणि दुरुस्तीचा अंदाज एका कागदावर मांडा. बेरीज गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल तर मोह सोडावा. मात्र गाडी परस्पर भंगारात देऊ नका. नोंदणी रद्द न करता दिलेल्या गाडीची जबाबदारी मूळ मालकाच्याच गळ्यात राहते. २०२१ च्या धोरणानुसार अधिकृत स्क्रॅप केंद्रे निघाली आहेत. तेथे गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते आणि नवी गाडी घेताना त्याचा उपयोग होतो.

चावी लावण्याआधी

हिशेब जमला तर कामाला लागा, पण चावी खिशातच ठेवा. प्रथम गाडीभोवती फिरून पाहा. उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत काय, एअर फिल्टरमध्ये घरटे केले आहे काय, हे तपासा. बारीक भेगा पडलेले टायर दिसायला जाड असले तरी भार घेत नाहीत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात; २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षे उतरून पडलेली बॅटरी सहसा पुन्हा चार्ज धरत नाही, तेव्हा दुसरी घेणेच बरे.

चेंबरमधील जुने ऑइल काढा. ते दुधाळ दिसले तर इंजिनात पाणी उतरले आहे असे समजून तेथेच थांबा आणि हेड गॅस्केट तपासून घ्या. तसे नसेल तर नवे ऑइल आणि नवा फिल्टर घाला. टाकीतील डिझेल पूर्ण काढून टाका. त्याच्या तळाशी पाणी साचते आणि काळा चिकट गाळ धरतो. हा गाळ पंपात आणि नोझलमध्ये गेला की मोठा खर्च उभा राहतो. टाकी धुवा, फिल्टर बदला, ताजे डिझेल भरून हातपंपाने हवा काढा. रेडिएटरमधील गंजके पाणी काढून पाइप आणि फॅन बेल्ट पाहून घ्या.

इंजिन हाताने फिरवा

कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत सिलिंडरमध्ये गंज धरतो आणि रिंगा चिकटतात. त्यावर उपाय असा : नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे ऑइल सोडावे आणि रात्रभर राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावावा आणि इंजिन सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावे. अडले तर जोर करू नये. पुन्हा ऑइल सोडून एक दिवस थांबावे. धक्का मारून अडलेले इंजिन फिरवले की रॉड वाकतो किंवा रिंग तुटते.

इंजिन मोकळे झाल्यावर नोझल बसवण्यापूर्वीच थोडा सेल्फ मारून जादा ऑइल बाहेर जाऊ द्यावे. त्या वेळी भोकांसमोर तोंड नेऊ नये. काढलेली नोझल पंपवाल्याकडून तपासून घ्यावीत. त्याचबरोबर डिझेल पंपाचा दांडा मोकळा सरकतो की नाही, हेही पाहून घ्यावे.

पहिला स्टार्ट

गाडी उघड्यावर आणा. बंद शेडमध्ये इंजिन चालवणे म्हणजे विषारी धुराने जिवाशी खेळणे आहे. प्रथम स्टॉप खेचून ठेवून सेल्फ मारा. ऑइलचा दिवा विझला की मगच डिझेल चालू करा. इंजिन सुरू होताच रेस देऊ नका. दहा सेकंदांत ऑइलचा दाब दिसला नाही तर लगेच बंद करा. एक फळी हाताशी ठेवा. पंपाचा दांडा अडकला तर इंजिन आपोआप सुसाट धावते आणि स्टॉप खेचूनही थांबत नाही. अशा वेळी हवा आत घेण्याचे तोंड फळीने दाबून धरणे हाच उपाय असतो. हात कधीही लावू नये.

ब्रेक विसरू नका

इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात माणूस थेट रस्त्यावर निघतो आणि खरा अपघात तेथे होतो. ब्रेक ऑइल हवेतील पाणी ओढते, त्यामुळे मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर आतून गंजतात. ते खोलून, नवे रबर घालून, नवे ऑइल भरावे. आधी आवारातच पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ब्रेक तपासा. रस्त्यावरचे पहिले दोनशे किलोमीटर रिकामी गाडी चालवून ऑइल पुन्हा बदला आणि मगच तिच्यावर माल चढवा.

चार-पाच वर्षे थांबलेली गाडी आणखी चार दिवस थांबली म्हणून धंद्याचे काही अडत नाही. घाईत इंजिन गमावले, तर मात्र गाठीचे भांडवल तिच्यातच अडकून पडते.