विसंबणं, भिस्त, मदार

दुसऱ्याच्या आधारावर असणं सांगायला मराठीत किती छटा आहेत! 'शेती पावसावर अवलंबून आहे' यात भावना नाही, फक्त कार्यकारण. 'अवलंब'मधला मूळ संस्कृत धातू 'लम्ब्', म्हणजे लोंबणे, टांगलेलं असणे. सेवापुस्तकातले 'अवलंबित कुटुंबीय' त्याच घरातले. पण 'मी तुझ्यावर विसंबून होते' म्हटलं की विश्वास आला आणि बहुधा तक्रारही!

मला 'विसंबणं' सगळ्यांत आवडतं, कारण ते दोन उलट दिशांना जातं. 'आई तान्ह्या बाळाला क्षणभरही विसंबत नाही', म्हणजे नजरेआड करत नाही. इथे विसंबणं म्हणजे सोडून राहणं, आणि 'त्याच्यावर विसंबले' म्हणजे भरवसा ठेवणं. मला यात एक धागा दिसतो: ज्याच्यावर भरवसा, त्याच्यावर काम सोपवून आपण लक्ष काढून घेतो. 'बाळाला विसंबत नाही' हा वापर नव्या पिढीच्या कानावर फारसा पडत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

'मदार' अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ आस, ज्याभोवती काही फिरतं ते. म्हणून 'संघाची सारी मदार एका फलंदाजावर' हे इतकं चपखल बसतं. या वाक्यात 'भिस्त'ही चालते.

'मिंधा' मात्र वेगळा. उपकाराखाली मान वाकलेला. पैशासाठी अवलंबून असलेला प्रत्येक जण मिंधा नसतो, म्हणून म्हाताऱ्या आईवडिलांबद्दल हा शब्द कुणी वापरला की मला खटकतो.

तुमच्या गावाकडे 'विसंबणं' कोणत्या अर्थानं म्हणतात? जरूर लिहा.