तुरळक ठिकाणी मुसळधार

आमच्या आप्पांची, म्हणजे थोरल्या चुलत्यांची, सोयाबीनची गंजी भिजली ती ‘तुरळक’ या एका शब्दापायी. ऑक्टोबरचे दिवस, कापलेला माल शेतातच रचलेला. रेडिओवर अंदाज आला, ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस.’ आप्पा म्हणाले, "तुरळक म्हणतेत न्हवं, येईल अन् जाईल." ताडपत्री घरीच राहिली. रात्री दोन तास नुसता कोसळला. तिसऱ्या दिवशी गंजीत हात घातला तर आत गरम लागत होतं, आणि शेंगांतच दाण्यांना कोंब आले होते.

मी तेव्हा तहसील कचेरीत कारकून होते. आवारातलं पर्जन्यमापक मीच मोजायची. त्या रात्रीनंतरच्या सकाळी माझ्या मोजपात्रात जेमतेम ३ मिलिमीटर पाणी निघालं, आणि आप्पांचं शेत तिथून अकरा किलोमीटरवर! अंदाज चुकला नव्हता, आम्ही तो चुकीचा ऐकला होता. ‘तुरळक’ हे पावसाचं विशेषण नाही, ठिकाणांचं आहे. विभागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, निम्म्यांपर्यंत ‘काही ठिकाणी’, पाऊण केंद्रांपर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. किती पडेल, ते ‘मुसळधार’ सांगतो. म्हणजे पडेल थोड्याच गावांत, पण जिथे पडेल तिथे झोडपून काढेल. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि त्याच मुंबईतल्या कुलाब्याला फक्त ७३.

मुसळधारलाही माप आहे: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. २०४.४ पर्यंत अतिमुसळधार, त्याच्याही वर गेला तर अत्यंत मुसळधार. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे धरतात, म्हणून रात्रीचा पाऊस नोंदवहीत दुसऱ्या तारखेला चढतो. लोक मला विचारायचे, "बाई, पाऊस काल पडला, मग आकडा आजचा कसा?" मिलिमीटर ऐकायला फार बारीक वाटतो. पण एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. महसूल मंडळात ६५ मिलिमीटर झाला की आपल्याकडे अतिवृष्टी धरतात. तेवढ्या पावसात एका एकरावर दोन लाख साठ हजार लिटरच्या वर पाणी पडतं. नळीतल्या त्या आकड्यावर कुणाच्या तरी नुकसानभरपाईचा अर्ज उभा असतो. म्हणून मी मोजपात्र सपाट जागी ठेवून, डोळा पाण्याच्या पातळीला आणूनच वाचायची. घाईत कधीच नाही.

इशाऱ्याचे रंगही असेच नीट समजून घ्यायला हवेत. रंग पाहायचा तो आपण काय करायचं यासाठी: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कामाला लागा.

आप्पा आता फोनवर आधी ठिकाणं विचारतात, मग पाऊस. पेरणीचं मात्र मला अजून विचारत नाहीत. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं आणि ते बरोबरच आहे. पण काळ्या रानाला वाफसा आला की नाही हे माझ्या वहीत नसतं. ते बांधावर बसतात, मूठभर माती दाबून गोळा करतात आणि तो खाली सोडतात. फुटला, की तिफण बाहेर.