‘थांब वं माय, सेव्ह करू दे’

बीबी आणि आजूबाजूच्या गावांतल्या आपल्या गटांची बैठक म्हटली की बचत गोळा होते, वही भरली जाते, सह्या होतात. मग निघतो तो विषय, ज्याची नोंद कोणत्याच वहीत नसते. पोरगं मोबाईल सोडत नाही! जेवायला हाक मारली तर म्हणतं, “थांब वं माय, आता बंद केलं तं मरतो मी.” आईच्या काळजात धस्स होतं. मरतो म्हणजे काय रे बाबा?

तेच आज आम्ही उलगडून सांगणार आहोत. मारधाडीचा गेम आत चालतो कसा आणि तो मध्येच बंद का करता येत नाही, हे आईला कळलं तर हाक कधी मारायची हेही कळतं.

एक जुना गेम उदाहरणाला घेऊ. नॉर्वे देशातल्या इनरलूप स्टुडिओज या कंपनीने बनवलेला ‘प्रोजेक्ट आयजीआय’ २००० साली आला. सिनेमाचा भाग दोन येतो तसा त्याचाही दुसरा भाग २००३ साली आला, ‘आयजीआय २: कोव्हर्ट स्ट्राइक’. आपल्याकडच्या नेट कॅफेंमध्ये तासावर पैसे देऊन पोरांनी तो खेळून खेळून झिजवला. ती पोरं आज पस्तिशी-चाळिशीची झालीत. एखादा तुमच्या घरातही असेल, विचारून बघा, लगेच डोळे चमकतील. जुन्या कॉम्प्युटरवर चालतो म्हणून अजूनही तो कुठे कुठे खेळला जातो.

डेव्हिड जोन्स नावाचा सैनिक एकटाच शत्रूच्या तळात शिरतो. खेळणारा म्हणजे तोच जोन्स. कुंपणावर कॅमेरे, दारात पहारेकरी, आत धोक्याची घंटा. पहारेकरी कधी पाठ फिरवतो ते बघायचं, कॅमेरा दुसरीकडे वळला की सरकायचं, आत जाऊन नेमून दिलेलं काम करायचं आणि जिवंत बाहेर पडायचं. अशा एका कामगिरीला मिशन म्हणतात. पहिल्या भागात १४ मिशन होती, दुसऱ्यात १९.

आता मुद्द्याची गोष्ट. पहिल्या भागात मिशन चालू असताना मध्ये कुठेच ‘सेव्ह’ करता येत नव्हतं. सेव्ह म्हणजे इथपर्यंत झालेलं काम जपून ठेवणं. बराच वेळ जीव मुठीत धरून पुढे गेलात आणि शेवटच्या दाराशी गोळी लागली, की पुन्हा पहिल्या कुंपणापासून सुरुवात. शंभर पापड लाटून झाले, एकशे एकावा फाटला, म्हणून कोणी आपल्याला सगळं पीठ पुन्हा मळायला लावलं तर आपण लाटणं कुठे फेकू? पोरं चिडायची ती ह्याच्यामुळे. दुसऱ्या भागात कंपनीने मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोय दिली, पण मोजक्याच वेळा. म्हणजे सेव्ह कुठे खर्च करायचं याचाही विचार आला. आपल्या गटात अंतर्गत कर्ज कोणाला आधी द्यायचं यावर आपण जसा विचार करतो, तसाच.

तर ‘मरतो’ म्हणजे एवढंच, की शेवटचं जिथे सेव्ह केलं तिथे परत जावं लागतं. सेव्ह झालेलं नसेल तर सगळी मेहनत पाण्यात.

आमच्यातल्या तिघींनी एका ताईंच्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर हा दुसरा भाग खेळून पाहिला. पहिल्याच पहारेकऱ्याने आम्हाला इतक्या वेळा मारलं की पोरगं हसून हसून खाली बसलं. पण तासाभराने एक लक्षात आलं. मेल्यावर आपण आपोआप म्हणतो, “थांब, आता डावीकडून जाऊन बघू.” गोडी असते ती तिथे. बंदुकीचा खेळ आहे, माणसं मारायची आहेत, तेव्हा लहान लेकरांसमोर तो नकोच, हे आमचं स्पष्ट मत. पण त्याला शेवट आहे. एकोणीस मिशन झाली की संपला.

मोबाईलवर पोरं सध्या खेळतात त्यातल्या बऱ्याच गेमांना शेवटच नाही, आणि खरी अडचण ती आहे. ‘पबजी मोबाईल’वर सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. पुढच्या वर्षी त्याच धर्तीचा ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ आला. त्यात शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. एक सामना अर्ध्या तासापर्यंत चालतो. समोर खरी माणसं खेळत असतात, म्हणून तो थांबवता येत नाही आणि सेव्ह तर नाहीच नाही. मध्येच उठलं तर सोबतचे गडी शिव्या घालतात, गुण जातात. सामना संपला की लगेच दुसरा तयार. आयजीआयमधल्या जोन्सला घरी जाता येतं, यातल्याला नाही.

म्हणून घरात नियम करायचा तो घड्याळावर करू नका, सामन्यावर करा. “आठला बंद” म्हटलं आणि आठला सामना रंगात असला तर भांडण ठरलेलं. त्याऐवजी साडेसातला विचारा, “चालू आहे का संपला? हा संपला की नवीन लावायचा नाही.” कथेचा गेम असेल तर म्हणा, “सेव्ह कर आणि ये.” हे शब्द आईच्या तोंडून ऐकले की पोरगं आधी बघतच राहतं, असा आमच्या गटांतला अनुभव आहे.

आता पैशाचं. आमच्या एका गटातल्या ताईंच्या खात्यातून थोडे थोडे पैसे जात होते, कधी ऐंशी, कधी दीडशे. हप्ता भरायच्या दिवशी खात्यात पैसे कमी निघाले तेव्हा कळलं. मुलाने गेममधल्या माणसाला नवे कपडे आणि बंदुकीला नवा रंग घेतला होता. गेम फुकट असतो, विकतात ते हे. ताईंचा पिन त्याला पाठ होता. पिन बदला आणि टाकताना हात आडवा धरा. यूपीआय लाइट सुरू असेल तर छोट्या रकमेला पिन विचारतच नाही, तेव्हा पोराच्या हातात जाणाऱ्या फोनवर ते बंद ठेवा. ऑटोपेमध्ये काही मंजूर झालंय का, तेही बघा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे, ती चालू करा. गटाचे व्यवहार ज्या फोनवर होतात तो फोन खेळायला देऊच नका, यावर आम्ही अडून बसतो.

पैसे लावून पैसे जिंकायचे गेम ही वेगळीच जात. त्यावर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली आहे. कोणी लिंक पाठवली तरी उघडायची नाही. ऑनलाइन फसवून पैसे काढून घेतले तर उशीर न करता १९३० या नंबरवर फोन करा.

खेळतो म्हणजे आजारी, असं मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या आजाराची जी खूण सांगितली आहे ती अशी: खेळण्यावर ताबाच राहत नाही, जेवण, शाळा, झोप सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं. असं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मुलींचंही सांगायला हवं, कारण बैठकीत सगळ्या फक्त मुलाचीच तक्रार आणतात. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली ‘राजी’ नावाचा गेम आणला. त्यात राक्षस लहान भावाला पळवून नेतात आणि त्याला सोडवायला बहीण एकटी निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. मारधाड त्यातही आहे, पण तो कथेचा आहे, पुढे जात जात संपतो. आमच्या एका ताईंच्या लेकीने तो मामाकडे पूर्ण खेळला आणि घरी येऊन आईला सगळी गोष्ट भाकरी थापेपर्यंत सांगितली.