कोलेस्टेरॉलची गोळी आणि अंगदुखी

कोलेस्टेरॉलसाठी दिली जाणारी बहुतेक औषधे स्टॅटिन गटातली असतात. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन ही त्यांतली नेहमीची नावे. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका एन्झाइमला ती अडवतात. मग यकृत रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जास्त ओढून घेते आणि हृदयविकाराचा धोका घटतो. तरीही ‘अंग दुखते’ म्हणून अनेकजण गोळी परस्पर बंद करतात.

स्टॅटिनमुळे होणारी अंगदुखी सहसा दोन्ही बाजूंना, मांड्या, पोटऱ्या किंवा खांद्यांत जाणवते. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत ती सुरू होते. उकिडवे बसून उठताना, जिना चढताना पाय जड वाटतात. एकच गुडघा दुखत असेल, तर कारण बहुधा वेगळे असते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात १९ चाचण्यांमधील सुमारे १ लाख २४ हजार जणांची माहिती तपासली गेली. स्नायूंची तक्रार स्टॅटिन घेणाऱ्या २७.१ टक्के लोकांनी केली, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्या २६.६ टक्के लोकांनी. म्हणजे दहातल्या नऊहून अधिक तक्रारींमागे औषध नव्हते.

ब्रिटनमधल्या २०२० सालच्या ‘सॅमसन’ चाचणीत त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना १२ बाटल्या दिल्या गेल्या: चार स्टॅटिनच्या, चार औषधविरहित गोळ्यांच्या, चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली. रोजच्या त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. स्टॅटिनच्या महिन्यांत सरासरी १६.३ गुण आले, औषधविरहित गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत ८. त्रास खरा होता. मात्र त्याचा मोठा भाग गोळी घेतल्याच्या जाणिवेतून येत होता. पुढे निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले.

औषधामुळे स्नायूंना खरी इजा क्वचितच होते. वाढते वय, थायरॉइडची कमतरता, मूत्रपिंडाचे आजार आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही औषधे हा धोका वाढवतात. स्नायू झपाट्याने तुटू लागले, तर अशक्तपणा येतो, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा वेळी गोळी थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे. याच दुष्परिणामामुळे सेरिव्हास्टॅटिन हे औषध २००१ साली बाजारातून काढून घेण्यात आले.

एरवी डॉक्टर रक्तातले सीके (स्नायूंना इजा झाल्यास वाढणारे एन्झाइम) आणि थायरॉइड तपासतात. गरज पडल्यास गोळी काही आठवडे थांबवून कमी मात्रेत किंवा दुसऱ्या स्टॅटिनने पुन्हा सुरू करतात. तेही सोसले नाही, तर इझेटिमाइब किंवा बेंपेडोइक आम्ल हे पर्याय आहेत. बेंपेडोइक आम्ल यकृतात सक्रिय होते, स्नायूंत होत नाही.