रायगड किनाऱ्यावरची बेंजो पार्टी

बेंजो पार्टी हे रायगडच्या किनारपट्टीवरचे सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कमी नोंदले गेलेले वाद्यपथक आहे. उरण-करंजापासून थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूड ते श्रीवर्धनपर्यंतच्या कोळीवाड्यांत आणि आगरी गावांत हळद, वरात, गणपतीची मिरवणूक, नारळी पौर्णिमा, देवीची पालखी असे सगळे प्रसंग या पथकाच्या साथीने पार पडतात. पुढे एक किंवा दोन बेंजो, जोडीला कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, ताशे, मोठे ढोल आणि झांजा असा सरंजाम असतो. मिरवणुकीत स्पीकर आणि जनरेटर टेम्पोवर चढवलेले असतात. गायक बहुधा नसतो. गाण्याची चाल बेंजो वाजवतो आणि शब्द नाचणारे म्हणतात.

हे वाद्य म्हणजे अमेरिकेतला गोल, चामड्याने मढवलेला बँजो नव्हे. त्याचे मूळ जपानमध्ये आहे. नागोया शहरात मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये तैशोगोतो नावाचे वाद्य तयार केले. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि टाइपरायटरसारखी बटणे अशी त्याची रचना होती. डाव्या हाताने बटण दाबले की खालची पट्टी तारेवर टेकते आणि हवा तो स्वर ठरतो. उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. हे वाद्य आशियाभर पसरले. भारतात ते बुलबुलतरंग म्हणून घरोघरी पोचले. स्वस्त, शिकायला सोपे, हौशी लोकांचे वाद्य अशीच त्याची ओळख राहिली आणि शास्त्रीय मैफलीत त्याला जागा मिळाली नाही.

त्या नाजूक आवाजाच्या पेटीला विजेचा पिकअप बसला आणि ती रस्त्यावर आली. तारांचे कंपन पिकअपमधून अॅम्प्लिफायरला आणि तिथून स्पीकरला जाते, त्यामुळे ताशांच्या कडकडाटातही सूर वर राहतो. बेंजोची खरी ताकद मात्र त्याच्या एका उणिवेत आहे. छेडलेली तार लवकर विझते. सनईसारखा किंवा क्लॅरिनेटसारखा लांब सूर तिला धरता येत नाही. म्हणून वादक नखी इतक्या वेगाने पुढे-मागे चालवतो की एकाच स्वरावर आघातांची सलग माळ तयार होते. असा सूर आपोआप तालाचा भाग बनतो. अमेरिकेत १९६०च्या दशकात जेम्स ब्राऊन आणि त्यांच्या साथीदारांनी फंक संगीत घडवले, तेव्हा गिटारला त्यांनी जवळजवळ तालवाद्याचे काम दिले होते. रायगडच्या बेंजोवाल्यांनी वेगळ्या वाटेने तीच गोष्ट साधली आहे, आणि तिला कुशल संगीतरचना म्हणून मान मिळायला हवा.

बेंजोच्या आधी लग्नात आणि मिरवणुकीत वाजवण्याचे काम दोन प्रकारची पथके करत. एक खालुबाजा: सनई, ढोल, टिमकी आणि झांज. शिमग्यात पालखीपुढे तो कोकणात अजूनही वाजतो. दुसरा ब्रास बँड: ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि गणवेश. खालुबाज्याने ठेके दिले, ब्रास बँडने सिनेमाची गाणी वाद्यांवर वाजवण्याची रीत दिली. बेंजो पार्टीत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

वाजवायचे काय, हे ठरवण्यात ध्वनिमुद्रिकांचा वाटा मोठा आहे. कोळीगीते आधीपासून लग्नांत, होळीत, होडीवर गायली जात होतीच. पण शांता शेळके यांनी लिहिलेले, हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीत दिलेले आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गायलेले ‘मी डोलकर’ ध्वनिमुद्रिकेवर आणि रेडिओवर आले, तेव्हा कोळीवाड्याची लय साऱ्या महाराष्ट्राच्या कानावर गेली. भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल जाळे लावून बोंबील आणि जवळा पकडणारा डोलकर हा याच किनाऱ्याचा माणूस. हे गाणे स्टुडिओत घडले असले तरी किनाऱ्याने ते आपले म्हणून स्वीकारले. ध्वनिमुद्रिकेमुळे चालीबरोबर सुरुवातीचे आणि कडव्यांमधले संगीतही ठरून गेले, आणि वाद्यावर गाणे वाजवणाऱ्याला नेमके हेच लागते. सुरुवातीचे चार स्वर कानी पडताच जमाव गाणे ओळखतो.

बहुतेक कोळीगीतांचा ठेका सहा मात्रांचा, झुलता असतो. होडीच्या हेलकाव्याशी आणि वल्ह्याच्या ओढीशी तो जुळतो. हळदीच्या रात्री पथक याच ठेक्यावर बराच वेळ राहते. एक गाणे संपू न देता दुसऱ्याचे तोंड त्यात मिसळायचे, नाचणारे रंगात आले की तीच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची, मग एकदम सूर थांबवून ढोल-ताशांना मोकळे सोडायचे आणि बेंजोने परत उसळी घ्यायची, हे सारे लिहिलेल्या स्वरलिपीविना, डोळ्यांच्या इशाऱ्यांवर चालते. एकवीरा आईची गाणी, जुनी हिंदी गाणी आणि २०१६ च्या ‘सैराट’मधले ‘झिंगाट’ एकाच रात्रीत येतात. शिक्षणही कानानेच होते: मुलगा आधी झांज किंवा ताशा धरतो, मग बेंजोकडे वळतो.

हिंदी महासागराच्या इतर किनाऱ्यांवरही हेच जपानी वाद्य रुजले. मोम्बासाच्या तारब संगीतात ते वाजते. बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यावर त्याला बेंजू म्हणतात, तिथे ते आकाराने वाढले आणि त्याला उस्ताद लाभले. पसनी भागातले नूर बख्श यांचा ‘जिंगुल’ हा अल्बम २०२२ मध्ये निघाला आणि उतारवयात त्यांना जगभर श्रोते मिळाले. रायगड-मुंबईच्या बेंजोवादकांच्या वाट्याला असे काही आलेले नाही. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला, त्यातून वाद्याचे नाव दूरवर गेले. पण प्रत्यक्ष वादकांची नावे पथकाच्या फलकापलीकडे क्वचितच पोचतात. त्यांचे वादन मोबाइलवर टिपले जाते, फिरते, आणि वाजवणाऱ्याचे नाव मागे राहते. मराठी संगीताच्या इतिहासात या वादकांवर स्वतंत्र प्रकरण असायला हवे.

आज पथकांची स्पर्धा डीजेशी आहे. डीजेला माणसे कमी लागतात आणि आवाज हवा तेवढा वाढवता येतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम दोघांनाही लागू आहेत: रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सवलत. रात्रभर चालणारी हळद त्यामुळे लवकर सुरू करावी लागते. पथकांनी ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड घेऊन डीजेचे आवाज आपल्यात सामावले आहेत. तरी कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ मिरवत बंदरावर नेताना पुढे वाजंत्रीच लागते, कारण चालणाऱ्यांच्या पावलांप्रमाणे ठेका सावकाश किंवा जलद करणे वादकालाच जमते.