हात वर जाण्याआधी

2007 च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या मैदानावर मी पहिल्यांदा अंपायर म्हणून उभी राहिले. मुलगा दहा वर्षांचा होता आणि त्याच्या बेसबॉल लीगला अंपायर कमी पडत होते. आमच्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये बॅटिंग करणाऱ्या संघातलाच कुणीतरी अंपायर व्हायचा. निःपक्षपाती माणूस हवा, हे तिथं कुणाच्या मनातही यायचं नाही. इथं दोन शनिवार शिकवणी झाली, मग हातात चेंडू मोजायचा क्लिकर आणि एक छोटा ब्रश पडला. होम प्लेट झाडताना पाठ पिचरकडे हवी, प्रेक्षकांकडे नव्हे, हा पहिला धडा.

नव्या अंपायरला आधी पहिल्या बेसवर ठेवतात. बेसबॉल मला समजला तो तिथं. धावणाऱ्याचा पाय आणि फेकलेला चेंडू जवळजवळ एकाच क्षणी येतात आणि डोळ्यांना दोन्ही एकदम सापडत नाहीत. म्हणून नजर बेसवर ठेवायची आणि चेंडू कानांनी टिपायचा. ग्लोव्हातला 'थप्प' आधी आला की पाय आधी टेकला, एवढंच ठरवायचं. त्यानंतर थांबायचं, चेंडू ग्लोव्हातच आहे ना ते बघायचं, आणि मगच मूठ वर. हे थांबणं अंगवळणी पडायला मला कितीतरी हंगाम लागले.

2011 च्या मे महिन्यात ते मला जमलं नाही. शेवटचा डाव, दोन आउट, एका धावेचा फरक. 'थप्प' ऐकला, मूठ वर केली आणि वळले. माझ्या पाठीमागे चेंडू ग्लोव्हातून निसटला आणि पहिल्या बेसवरच्या मुलाने तो झटकन उचलून घेतला. प्लेटमागच्या अंपायरला मधल्या गर्दीत काही दिसलं नव्हतं. धावणारा अकरा वर्षांचा पोरगा मला एवढंच म्हणाला, की चेंडू खाली पडला होता. त्याच्या पँटच्या गुडघ्याला लाल माती होती आणि तो रडत नव्हता. सामना तिथंच संपला.

त्या संध्याकाळी मला मेजर लीगचे अंपायर जिम जॉइस आठवले. आदल्याच वर्षी, 2 जून 2010 ला, डेट्रॉइटच्या आर्मांडो गालारागाने क्लीव्हलँडचे ओळीने 26 फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावा बाद झाला असता तर त्याचा 'परफेक्ट गेम' पूर्ण होत होता. तो पहिल्या बेसवर स्पष्ट आउट होता, पण जॉइस यांनी सेफ दिला. चित्रफीत पाहिल्यावर त्यांनी चूक उघड कबूल केली आणि गालारागाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी प्लेटमागे तेच होते. संघाची यादी घेऊन गालारागा स्वतः आला, तेव्हा जॉइस डोळे पुसत होते. निर्णय मात्र बदलला नाही. रीप्ले तेव्हा फक्त होमरनच्या वादापुरता होता, असल्या निर्णयांसाठी तो आला 2014 मध्ये. जॉइस यांना चूक कबूल करणं जमलं, म्हणून मीही पार्किंगपर्यंत चालत गेले आणि त्या पोराला, त्याच्या आईबाबांसमोर, माझं चुकलं असं सांगितलं. त्याने मान हलवली. पुढच्या शनिवारी तो पुन्हा माझ्यासमोर खेळला.

पुढे प्लेटमागे गेले. प्लेट 17 इंच रुंद. लिटल लीगमध्ये स्ट्राइकची चौकट काखेपासून गुडघ्यापर्यंत, म्हणजे प्रत्येक मूल आपली चौकट आपल्या उंचीबरोबर घेऊन येतं. 2026 पासून मेजर लीगमध्ये कॅमेरे ही चौकट खेळाडूच्या उंचीच्या 27 टक्क्यांपासून साडेत्रेपन्न टक्क्यांपर्यंत धरतात. अंपायरच्या निर्णयाविरुद्ध प्रत्येक संघाला दोनदा फेटाळली जाईपर्यंत दाद मागता येते, तीही फक्त पिचर, कॅचर किंवा बॅटरला. मला हे मनापासून पटतं. चूक तिथल्या तिथं सुधारता येत असेल, तर ती जन्मभर कुणाच्या माथी का राहावी?

2025 च्या ऑगस्टची गोष्ट मात्र मी पुन्हा पुन्हा सांगते. त्याआधी अंपायर होण्यासाठी बर्निस गेरा वर्षानुवर्षं कोर्टात लढल्या, 1972 मध्ये मायनर लीगमध्ये उतरल्या आणि एकाच सामन्यानंतर त्यांनी काम सोडलं. पॅम पोस्टेमा यांनी 13 वर्षं मायनर लीगमध्ये काढली, आणि 1989 मध्ये त्यांना काढून टाकलं. 9 ऑगस्ट 2025 ला अटलांटात जेन पावोल मेजर लीगच्या मैदानात उतरल्या. हंगामातल्या सामन्यात असं काम करणारी पहिली बाई, आणि तीही आमच्या न्यू जर्सीची. दुसऱ्या दिवशी त्या प्लेटमागे होत्या. टीव्हीसमोर बसून मी प्रत्येक चेंडूला त्यांच्याबरोबर वाकत होते.

प्लेटमागे एका सामन्यात दीड-दोनशे वेळा वाकावं लागतं. डॉक्टरांनी आता गुडघ्यांसाठी ते बंद करायला सांगितलंय. म्हणून मार्चपासून मी पुन्हा पहिल्या बेसवर. कान अजून चांगले आहेत.