थाई ग्रिल्ड चिकन घरच्या तव्यावर: परदेशी बाटल्या नकोत, सांबार-लसूण पुरेसे

मुले मोबाईलवर व्हिडिओ बघतात आणि संध्याकाळी फर्माईश येते, "अम्मी, आज थाई चिकन कर ना!" बाहेरून मागवायचे तर दोन प्रश्न पडतात. कोंबडी हलाल आहे का? आणि सॉसमध्ये नेमके काय घातले आहे? हे चिकन घरी केले तर दोन्ही प्रश्न मिटतात. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, कुठेही राहत असाल तरी जवळपास सगळे सामान भाजीबाजारात आणि आपल्या नेहमीच्या चिकनवाल्याकडे मिळते.

हा पदार्थ मूळचा कुठला?

थाई भाषेत याला 'काई यांग' म्हणतात. 'काई' म्हणजे कोंबडी आणि 'यांग' म्हणजे विस्तवावर भाजलेली. थायलंडच्या ईशान्येकडचा इसान भाग आणि शेजारचा लाओस हे त्याचे घर. तिथले लोक तो चिकट भात आणि आंबट-तिखट चटणीसोबत खातात.

दक्षिण थायलंडमध्ये पट्टानी, याला आणि नराथिवात या प्रांतांत मलय बोलणाऱ्या मुसलमानांची बहुसंख्या आहे. त्यांची स्वतःची भाजलेली कोंबडी आहे, 'काई कोले'. सुकी लाल मिरची, छोटे कांदे, लसूण, चिंच आणि नारळाचे दूध यांचा दाट मसाला कोंबडीला पुन्हा पुन्हा लावत ती निखाऱ्यावर भाजतात. म्हणजे थाई चिकन हलाल स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे.

बाटलीवरचे लेबल वाचा

- फिश सॉस: छोटे मासे आणि मीठ आंबवून बनतो. मुळात हरकत नाही, पण इतर घटक बघून घ्या. नसला तरी अडत नाही.
- ऑयस्टर सॉस: शिंपल्यांपासून बनतो. हनफी मसलकात पाण्यातल्या जीवांपैकी फक्त मासळी खातात, म्हणून हनफी घरांनी टाळावा. कोकणातल्या शाफई घरांत वेगळा हुकूम आहे.
- सोया सॉस: नैसर्गिकरीत्या आंबवलेल्या सॉसमध्ये थोडे अल्कोहोल आपोआप तयार होते. यावर आलिमांची मते वेगवेगळी आहेत. मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा, नाहीतर नुसते मीठ वापरा.
- राईस वाईन, मिरिन: यात दारू असते. घेऊच नका.

साहित्य (चार-पाच जणांसाठी)

- चिकन 1 किलो. मांडीचे बोनलेस तुकडे घेतले तर काम लवकर होते.
- लसूण 10-12 पाकळ्या
- सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या आणि मुळे, एक मूठ
- काळी किंवा पांढरी मिरी दीड चमचा
- हळद अर्धा चमचा
- गवती चहाच्या 2-3 काड्या, बुडाकडचा पांढरा भाग
- मीठ दीड चमचा (सोया किंवा फिश सॉस घातला तर कमी)
- किसलेला गूळ 1 मोठा चमचा, तेल 2 मोठे चमचे

आपण सांबाराची मुळे कापून फेकतो. थाई स्वयंपाकात खरी चव तिथेच असते. माती निघेपर्यंत धुवा आणि वापरा.

सकाळी दहा मिनिटे

लसूण, सांबाराची मुळे, मिरी, गवती चहा आणि मीठ खलबत्त्यात कुटा किंवा मिक्सरमधून काढा. गवती चहा बारीक चिरून घातला नाही तर दाताखाली दोरे येतात. हळद आणि तेल मिसळून चिकनला चोळा, डब्यात झाका आणि फ्रिजमध्ये ठेवा. विदर्भातल्या उन्हाळ्यात डबा ओट्यावर ठेवू नका. लिंबू आत्ता पिळू नका, दिवसभरात मांस पिठूळ होते.

संध्याकाळी भाजताना

मगरिब झाली की डबा बाहेर काढा. जाड बिडाचा तवा मध्यम आचेवर तापवा आणि तुकडे एकमेकांना न चिकटता मांडा. बोनलेस तुकड्यांना दोन्ही बाजू मिळून 12 ते 15 मिनिटे लागतात. हाडाच्या तंगडीला खोल चिरा द्या, झाकण ठेवा आणि मंद आचेवर 30 ते 35 मिनिटे भाजा.

गूळ आधी घातला तर बाहेरून काळे आणि आतून कच्चे होते. म्हणून तो चमचाभर पाण्यात विरघळवून शेवटच्या पाच मिनिटांत ब्रशने लावा. डब्यात उरलेला कच्चा मसाला शिजलेल्या चिकनवर ओतू नका. सर्वांत जाड तुकडा कापून बघा. आत गुलाबी नको आणि रस स्वच्छ हवा. थर्मामीटर असेल तर आतले तापमान 74 अंश सेल्सिअस हवे.

काई कोलेची चव हवी असेल तर 6 भिजवलेल्या लाल मिरच्या, 4 छोटे कांदे आणि लसूण वाटून घ्या. त्यात अर्धी वाटी नारळाचे दूध, थोडी चिंच, गूळ आणि मीठ घालून घट्ट होईपर्यंत शिजवा. अर्धा मसाला भाजताना लावा, अर्धा वेगळ्या स्वच्छ वाटीत वाढायला ठेवा.

धानाच्या जिल्ह्याची चटणी

इसानच्या चटणीचा आधार आहे भाजलेला तांदूळ, आणि तो आपल्या घरी कायम असतो. दोन चमचे कच्चा तांदूळ कोरड्या तव्यावर तपकिरी होईपर्यंत भाजा आणि रवाळ कुटा. चिंचेचा कोळ, लाल तिखट, गूळ, मीठ, कांद्याची पात, सांबार आणि लिंबू एकत्र करा. तांदळाची पूड अगदी वाढताना घाला, आधी घातली की फुगते.

भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो, पण कल्हई नसलेल्या पितळेत चिंच किंवा लिंबू ठेवू नका, आंबटामुळे धातू अन्नात उतरतो. काचेची किंवा स्टीलची वाटी घ्या.

लहान मुलांसाठी तिखट न घालता थोडी चटणी आधीच बाजूला काढा. सोबत गरम भात आणि काकडीचे काप ठेवा. भात शिजेपर्यंत चिकन तयार होते आणि इशाच्या आत दस्तरखान लागतो.